चार गिअर मागे, एक पुढे

अप्पांच्या गाडीची किल्ली मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती, आईच्या पाटल्यांशेजारी. मी स्वतः बँकेत आहे, त्यामुळे लॉकरसाठी कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. घरात कुठेही लपवली असती तर अप्पांनी शोधून काढली असती. तांदळाच्या डब्यात, देवांच्या फोटोमागे, माझ्या साड्यांच्या घडीत, सगळीकडे त्यांनी पाहून घेतलं होतं. पाहून झाल्यावर साड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालून ठेवल्या होत्या.

किल्ली काढून घेण्याचं कारण शहाळी. चेन्नईत मैलापूरला, तळ्यामागच्या गल्लीत एका संध्याकाळी अप्पांनी गाडी मागे घेतली आणि ती शहाळ्यांच्या ढिगात घातली. कुणाला लागलं नाही. शहाळीवाला त्या वेळी समोर चहा पीत होता, हे त्याचंही नशीब आणि आमचंही. त्याने शहाळी गोळा केली, त्यातलं एक तडकलेलं अप्पांनाच प्यायला दिलं आणि मला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, हातपाय ठीक आहेत, पण मानेचे मणके झिजलेत, मान आता वळायची नाही. मान वळत नसेल तर माणूस गाडी मागे घेताना बघणार कसा, असं मी अप्पांना विचारलं. आजवर मागे काही नसायचंच, असं ते म्हणाले.

किल्ली गेल्यावर अप्पा चिडले असते तर मला चाललं असतं. ते चिडले नाहीत, सभ्य झाले. "मी खालतां जाऊं का?" "कॉफी घेऊं का?" "पंखा लावूं का?" प्रत्येक गोष्टीला परवानगी. रेल्वेच्या हिशेब खात्यात जन्म काढलेला माणूस, साहेबांसमोरही कधी नीट उभा न राहिलेला, तो माझ्यासमोर दारात उभा राहून पंखा लावण्याची परवानगी मागायचा. त्यात टोमणा असता तर मी उलट बोलले असते. टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आता सगळ्याला विचारायचं असतं. मी "घ्या ना अप्पा" म्हणायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. किती पिढ्या इकडे झाल्या ते अप्पा सांगू शकतात; मी ऐकायला कधी थांबले नाही. नवरा सातारचा, नोकरीसाठी इकडे आलेला. त्यामुळे माझं बोलणं अप्पांचं आणि लिहिणं नवऱ्याचं आहे. लग्नाच्या वेळी दोघांनी एकमेकांचं मराठी ऐकून घेतलं आणि पुढची बरीच वर्षं ते हवामानावर बोलत राहिले. चेन्नईच्या हवामानावर बोलण्यासारखं फारसं नसतं.

नवरा चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. माप चुकलेलं त्याला सहन होत नाही. आमच्या इडलीपात्राच्या वाट्या एकसारख्या नाहीत हे त्याने लग्नानंतर लगेचच कॅलिपर लावून मला दाखवून दिलं होतं. मी त्याला इडल्या खायच्या आहेत की तपासायच्या आहेत असं विचारलं. त्याने दोन्ही केलं.

गाडी वर्षभर खाली उभी होती. समुद्राच्या वाऱ्याने तिचा तळ खाऊन टाकला. मागच्या सीटखालून जमीन दिसायला लागली. त्या सीटवर माझं बालपण गेलं. पुढे अप्पा आणि आई, मागे मी. तिथून अप्पांचा चेहरा दिसायचा नाही. दिसायची ती मान, कॉलरच्या वर बारीक कापलेले केस, आणि आरशात एक भुवई. ती भुवई वर गेली की मी काहीतरी चुकीचं बोलले आहे असं समजायचं.

शेवटी गाडी भंगारात द्यायचं ठरलं. द्यायच्या आदल्या दिवशी नवरा बॉनेट उघडून बघत बसला आणि वर येऊन म्हणाला की इंजिन ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग काही नाही, पण असं इंजिन टाकवत नाही. त्याच्या मनात काय होतं ते जेवताना बाहेर आलं. लोखंडी पाइपांचा सांगाडा वेल्ड करायचा, मागे हे इंजिन बसवायचं, जाड चाकं लावायची, आणि माळावर, वाळूत, चिखलात कुठेही जाईल अशी बग्गी करायची. गुम्मिडिपूंडीत त्याच्या एका मित्राची फॅब्रिकेशनची शेड होती, ती रविवारी बंद असायची. शेडमागे मित्राचीच मोकळी जमीन होती.

मी भात वाढत होते. अप्पांनी ताटावरून डोकं वर केलं. मान वळत नसल्यामुळे ते खांद्यासकट नवऱ्याकडे वळले आणि मग खांद्यासकट माझ्याकडे.

"मी इंजिन बघावयास जाऊं का?"

कितीतरी महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली परवानगी, जिच्या उत्तराची त्यांना पर्वा होती. मी हो म्हटलं. हो म्हणायला मला जड गेलं नाही, कारण नवऱ्याने हौसेने हाती घेतलेलं काम पुरं झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नव्हतं.

हे पुरं व्हायला लागलं. दर रविवारी दोघं सकाळच्या लोकलने गुम्मिडिपूंडीला जायचे आणि संध्याकाळी काळे होऊन परत यायचे. नवरा पाइप कापायचा, वाकवायचा, वेल्ड करायचा. अप्पा स्टुलावर बसून पाइप धरायचे आणि वेल्डिंगच्या वेळी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटायचे. हिशेब खात्यातल्या माणसाला यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. त्यांचं खातं वेगळं होतं. कोणतं काम कोणत्या दिवशी करायचं, काय आधी जोडायचं, राहुकालम् कधी लागतो, हे त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. सुरुवातीला नवरा हसायचा. पुढे तो सोमवारीच त्यांना विचारायला लागला की येत्या रविवारी वेल्डिंगला दिवस कसा आहे. हवामान मागे पडलं.

मी अधूनमधून दहीभात आणि पच्चडी घेऊन जायचे, म्हणजे कागदोपत्री जेवण पोचवायला आणि खरं तर पाळत ठेवायला. अप्पा मला बग्गी दाखवायचे, हा पाइप, तो पाइप. चालवणार कोण, हे कुणी बोलत नव्हतं. सीट मात्र एकच होती, आणि ती अप्पांच्या उंचीने बसवलेली होती. मी ते पाहिलं आणि पच्चडी वाढली.

इंजिन बसवायच्या रविवारी मी तिथे होते. आता सांगते ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि तरीही ते होतंय हे माझ्या लक्षात आलं नाही. शेडचं दार पश्चिमेला. सांगाडा दाराकडे तोंड करून उभा. इंजिन धुऊनपुसून फळीवर ठेवलेलं. अप्पांनी त्याची पूजा मांडली. गाडीत असताना इंजिनाची जी बाजू समोरच्या रस्त्याकडे असायची, ती त्याचं तोंड, असं ठरलं. तोंडाला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, कापूर लावला. आणि तोंड अर्थातच पूर्वेला केलं. पूजा ठेवायची ती पूर्वेकडे तोंड करूनच.

पूजा लांबली. रविवारी साडेचारला राहुकालम् लागतो आणि एकदा लागला की त्यात नवीन काही सुरू करायचं नाही. नवऱ्याने घाईघाईने साखळीच्या कप्पीने इंजिन वर उचललं. ते सांगाड्याच्या वर लटकत असताना नवऱ्याचा हात ते फिरवायला पुढे झाला. मला तो हात अजून दिसतो. अप्पा म्हणाले की पूजा झालेल्या वस्तूचं तोंड बसेपर्यंत फिरवूं नये.

नवरा थांबला. तो मुहूर्तामुळे थांबला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो विचार करायला थांबला. विचार असा की हे इंजिन गाडीत पुढे होतं, आता मागे चाललंय. पुढचं मागे गेलं म्हणजे त्याचं तोंडही उलटंच हवं. तपासणी खात्यातल्या माणसाचं डोकं आणि पंचांग एकाच उत्तरावर आले. असं आमच्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. इंजिन पूर्वाभिमुख खाली उतरलं. चाकांकडे जाणारे दोन दांडे बसवताना लांब दांडा आखूड दांड्याच्या जागी येत होता, तर दोघांनी त्यांची अदलाबदल केली. चार वाजून गेले होते. राहुकालम् लागायच्या आत बोल्ट आवळून झाले आणि अप्पांनी समाधानाने घाम पुसला.

चाचणीच्या दिवशी शेडचे मालक, म्हणजे नवऱ्याचे ते मित्रही आले. नव्या गाडीच्या चाकांपुढे लिंबं ठेवायची आणि ती चिरडून गाडी पुढे काढायची, ही इकडची रीत. अप्पांनी चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. मालकांनी नारळ फोडला. नवरा हेल्मेट घालून बसला, वायरी जोडून इंजिन सुरू केलं. आवाज जुन्या गाडीचाच होता. मला एकदम आईची आठवण आली, कारण हा आवाज बंद झाला की ती दार उघडायला उठायची. नवऱ्याने पहिला गिअर टाकला, समोर दाराकडे पाहिलं आणि क्लच सोडला.

बग्गी मागे गेली. नवरा दाराकडे बघत राहिला आणि दार त्याच्यापासून लांब जात राहिलं. मागच्या भिंतीशी रिकामी पिंपं रचलेली होती, त्यांत ती जाऊन थांबली. पिंपं गडगडत कोपऱ्यात गेली. पुढच्या चाकांसमोरची लिंबं होती तशी होती.

नवऱ्याने दुसरा टाकला असता तर ती आणखी जोरात मागे गेली असती. भिंत होती म्हणून त्याने टाकला नाही. मग त्याने रिव्हर्स टाकला. बग्गी पुढे आली, अगदी हळू, पिठाच्या गिरणीसारखी घरघरत. आणि सगळ्यांना एकदमच कळलं. इंजिन उलटं बसलं म्हणजे चाकं उलटी फिरणार. पुढचे चारही गिअर मागे जायचे, आणि मागचा एकुलता एक पुढे यायचा.

मालक तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. अप्पा लिंबांकडे बघत होते. नवरा उतरला, त्याने इंजिनाकडे पाहिलं, त्याच्या तोंडावरचं वाळलेलं कुंकू पाहिलं, आणि स्टुलावर बसला. बायको म्हणून मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, माप तर बरोबर आहे ना. हे बोलायला नको होतं.

पुढचा आठवडा घरात इंजिन उतरवून फिरवायचं की नाही यावर गेला. नवरा म्हणत होता की फिरवल्याशिवाय त्याला झोप लागणार नाही. अप्पा म्हणत होते की चांगल्या वेळेला, पूजा होऊन बसलेलं इंजिन उपटायचं नसतं. दोघंही निकालासाठी माझ्याकडे बघत होते, आणि मी मनातल्या मनात वेगळाच हिशेब करत होते. ती बग्गी पुढे किती वेगाने गेली ते मी पाहिलं होतं. चालत्या माणसाच्या वेगाने. मैलापूरचा देवाचा रथ त्याहून जोरात जातो. मी म्हटलं, फिरवायचं नाही. अप्पांनी चालवायची असेल तर त्या एका गिअरमध्येच, शेडमागच्या जमिनीवर, आणि मी शेजारून चालणार. बाकीच्या चार गिअरना हात लावायचा नाही.

अप्पा खांद्यासकट माझ्याकडे वळले.

"खचित?" त्यांनी विचारलं.

खचित, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे जेवढी हलते तेवढी.

त्या रात्री नवऱ्याने हळूच किल्ली मागितली. त्याने बग्गीला जुन्या गाडीचंच कुलूप बसवलं होतं. बटण लावूनही काम झालं असतं की, मी म्हटलं. तो म्हणाला, झालं असतं, पण अप्पांनी स्वतःच्या गाडीला बटण दाबायचं का? या माणसाच्या वाट्या मोजण्याबद्दल मी जे काही म्हटलं असेल ते त्या क्षणापुरतं मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॉकर उघडला आणि पाटल्यांशेजारून किल्ली काढली.

रविवारी आम्ही तिघं गेलो. वेळ अप्पांनीच पाहिली होती, सकाळची. शेडमागची जमीन सपाट, वाळक्या गवताची, लांबवर मोकळी. त्या टोकाला एक शेळी बसलेली होती, बाकी काही नाही. नवऱ्याने बग्गी त्या टोकापर्यंत नेऊन शेडकडे तोंड करून ठेवली, अप्पांना हात देऊन बसवलं, पट्टा बांधला, हेल्मेट घातलं. मी किल्ली दिली. अप्पांनी ती तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिली आणि कुलपात घातली. जागा त्यांना शोधावी लागली नाही. चाकांपुढे नवी लिंबं ठेवली.

बग्गी पुढे निघाली. चारही लिंबं एकदम चिरडली. मी शेजारून चालत होते, एक हात पाइपावर ठेवून. पदर खोचला होता, दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास होता. अप्पा समोर बघून चालवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मी शेजारून त्यांच्या गालाकडे बघत होते. इतक्या हळू जात होतो की मध्ये मी चपलेत अडकलेला काटा काढला आणि पुन्हा त्यांना गाठलं. असं आम्ही जमिनीच्या मध्यापर्यंत गेलो. मला वाटलं, झालं, हे जमलं. दर रविवारी असं करता येईल. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मध्यावर अप्पांनी बग्गी थांबवली. उतरायचंय का, मी विचारलं. ते म्हणाले, बाजूस हो. मला वाटलं त्यांना वळायचंय. मी पाइप सोडला आणि वळायला बाजू मोकळी करून दोन पावलं पुढे, त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. मी थांबले. माझ्या कानांना इतकी सवय झाली होती की मी चक्क वाट बघत होते, आता ते विचारतील, टाकूं का?

त्यांनी विचारलं नाही. बग्गी एक हिसका देऊन मागे निघाली. पहिला, मग दुसरा. आवाज बदलला त्यावरून मला कळलं. गवत उडायला लागलं. लांबून नवरा काहीतरी ओरडत पळत होता. चाकं वळायची ती पुढची, त्यामुळे बग्गीचं नाक डावीउजवीकडे हलत होतं आणि मागचा भाग हवा तिकडे जात होता. अप्पा मागे बघत नव्हते. बघूच शकत नव्हते. ते समोर बघत होते, आणि समोर मी होते.

माझ्यापासून लांब लांब जात होते आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत होते. तोंड उघडं, सगळे दात दिसत होते, हेल्मेट कपाळावरून मागे सरकलेलं. मला भीती वाटायला हवी होती. ती होतीच. पण मी ओरडले नाही, कारण मी बघत होते. सगळं बालपण मी त्यांच्या मानेमागे बसून काढलं. हा माणूस गाडी चालवताना असा दिसायचा, हे मला या वयात कळलं. आईला रोज दिसत असणार. ती कधी बोलली नाही.

शेळी उठून बाजूला झाली. त्यांनी तिसरा टाकला.

जमिनीच्या टोकाशी बग्गी धुळीत थांबली. नवरा माझ्याजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला दम लागला होता. मी रडत होते, तर त्याने खिशातला हात पुसायचा कपडा दिला, ग्रीस लागलेला. परत यायला अप्पांकडे एकच गिअर होता, त्यामुळे त्यांना पुष्कळ वेळ लागला. आम्ही दोघं तिथेच उभे राहून त्यांना येताना बघत होतो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. काय बोलायचं ते मी तेवढ्या वेळात ठरवून ठेवलं: मान, मणके, दिलेला शब्द, वय. सगळं क्रमाने लावलं.

अप्पा आले. इंजिन बंद केलं, पट्टा स्वतः सोडला, नवऱ्याचा हात न घेता उतरले. चेहराभर धूळ, भुवया पांढऱ्या झालेल्या. किल्ली काढली. मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि गवतावर बसले.

"कॉफी दे," ते म्हणाले.

मी थर्मास उघडला आणि दिली.